याबेशच्या माणसांनी विचारलं नाही

खानापूर तालुक्यातल्या एका मयताहून परतताना गाडीत जो वाद झाला, त्याच्यामुळे हे लिहायला बसले आहे. तिशीही न गाठलेला मुलगा. स्वतःचा जीव स्वतः घेतलेला. गाडीत आम्ही सात जण, सगळे ख्रिस्ती, सगळे मराठी बोलणारे, सगळे त्या घराला वर्षानुवर्षं ओळखणारे. एक काका म्हणाले, पाळकांनी पूर्ण विधी करायलाच नको होता. असा माणूस थेट नरकात जातो, आणि आज त्याच्यासाठी घंटा वाजवली तर उद्या पोरांना भीती कशाची राहणार? पुढच्या सीटवरच्या बाई कळवळून म्हणाल्या, असं बोलू नका, बिचारा सुटला, शांत झाला, देवानं नेलं, आता विषय नको. मागे बसलेला एक तरुण दोघांवरही चिडला. त्याच्या मते यात धर्माचा प्रश्नच नव्हता, हा फायनान्सवाल्यांनी घेतलेला बळी होता. आवाज चढत गेले. बेळगाव येईपर्यंत तिघांपैकी कोणीही मागं हटलं नाही, आणि त्या सगळ्या वाटेत मुलाच्या आईचा उल्लेख एकदाही झाला नाही.

मला तिन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, पण त्याहून मोठी चूक प्रश्न मांडण्यातच आहे. आत्महत्येनं माणूस गेला की मंडळीपुढचा, म्हणजे चर्चपुढचा, पहिला प्रश्न ‘तो कुठं गेला’ हा नसतो. मागे राहिलेल्यांच्या घरी कोण जाणार, हा असतो. माझी भूमिका आधीच सांगते. अशा माणसाला इतर कोणत्याही विश्वासणाऱ्यासारखीच, पूर्ण विधीनं, सगळ्यांच्या ओळीत माती दिली पाहिजे. त्याच्या घरच्यांना ख्रिस्ती आशेचे शब्द कोणतीही अट न घालता ऐकू आले पाहिजेत. आणि ती आशा खरी आहे म्हणूनच मरणाला गोड नावं देणंही आपण थांबवलं पाहिजे.

आमच्या भागात अशा मरणाची एक सरकारी भाषा आहे. कर्नाटकात शेतकऱ्याची आत्महत्या कर्जापायी झाली असं ठरलं, तर कुटुंबाला ५ लाखांची मदत मिळते. ते ठरवायला प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. उतारा कुणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचं की हातउसनं, दुसरं काही कारण होतं का, हे सगळं बघून फाईलवर शेरा पडतो: पात्र किंवा अपात्र. सरकारी पैसा द्यायचा तर निकष लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हा शेरा मारण्याची सवय सगळ्या गावाला लागते त्याबद्दल. पोलीस विचारतात, पाहुणे विचारतात, शेजारीण दारात उभी राहून विचारते, कारण काय झालं? प्रत्येकाच्या मनात एक छोटी समिती बसलेली असते. पंचनामा कन्नडमध्ये लिहिलेला असतो, आणि ज्या बापाला ती अक्षरं लागत नाहीत तो दाखवलेल्या जागी सही करतो. सीमाभागात आपण १९५६ पासून भाषेच्या हक्काबद्दल बोलतो आहोत. त्या दिवशी तो कागद त्याला मराठीत समजावून सांगायला आपल्यातलं कोणी शेजारी उभं असतं का? हे सगळं सोसून ते घर शेवटी चर्चच्या दाराशी येतं. तिथंही समिती बसली असेल तर त्यांनी जायचं कुठं?

हे मी लांबून बघून लिहीत नाही. माझा मावसभाऊ असाच गेला, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. चर्चचा कारभार बघणाऱ्या त्या वेळच्या वडीलमंडळींची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली होती. मावशी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला एकच विचारलं, “काय म्हणूलेत गं चर्चातले? माती तरी देतील न्हवं आत?” मुलगा गेल्याचं रडं तिला अजून फुटलं नव्हतं, कारण तो कुठं पुरला जाणार याचीच तिला आधी धास्ती होती. शेवटी ‘आत’ दिली माती. पण कबरस्तानाच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात. घंटा न वाजवता, छोटीशी प्रार्थना उरकून. त्या मंडळीचं नाव मी घेणार नाही. ती माणसं दुष्ट नव्हती. आपण देवाच्या आज्ञेचा मान राखतो आहोत असंच त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणूनच त्यांच्या युक्तिवादाला मान देऊन उत्तर दिलं पाहिजे असं मला वाटतं.

त्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा असा: जीवन देवाचं आहे, ते आपल्या मालकीचं नाही, ‘खून करू नकोस’ या आज्ञेत स्वतःचा जीवही आला. हे मला पूर्ण मान्य आहे. यातला एक शब्दही मी सैल करणार नाही. पण ही आज्ञा आत्महत्येला लावून दाखवणारा मोठा युक्तिवाद कुठून आला ते बघा. इ.स. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं. अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले, आणि लाजेपायी काहींनी जीव दिला. ज्या जगल्या त्यांच्याकडे लोक बोट दाखवू लागले, की तुम्ही का नाही मेलात? तेव्हा बिशप ऑगस्टिननं लिहिलं की दुसऱ्यानं केलेल्या जबरदस्तीनं तुमचं पावित्र्य गेलेलं नाही, तुम्हांला मरायचं कारण नाही, आणि स्वतःला मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणजे हा युक्तिवाद सुरुवातीला जिवंत बायकांना जगायला सांगत होता. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागा इथं भरलेल्या धर्मसभेनं मात्र आत्महत्या केलेल्यांसाठी विधी आणि स्तोत्रं बंद केली. तोच विचार आता प्रेतावर चालवला जाऊ लागला. जिवंत माणसाला अडवण्यासाठी उभारलेलं कुंपण मेलेल्या माणसाभोवती घातल्यानं कोणाचा जीव वाचतो?

पुढे इंग्लंडमध्ये हे कुठवर गेलं ते वाचून अंगावर काटा येतो. आत्महत्या केलेल्याला चार रस्ते मिळतात तिथं पुरायचे, देहातून खुंटा ठोकायचे, त्याची मालमत्ता राजा जप्त करायचा. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या वर सूचना छापली आहे, की बाप्तिस्मा न झालेला, मंडळीबाहेर काढलेला आणि ज्यानं स्वतःवर हात टाकला तो, या तिघांसाठी हा विधी वापरायचा नाही. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२३ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटनं चौरस्त्यावरचं दफन बंद केलं. पण चर्चच्या आवारात पुरायचं तर रात्री ९ ते १२ च्या दरम्यान आणि ख्रिस्ती विधीशिवाय, अशी अट घातली. ती रात्रीची अट जायला १८८२ उजाडलं. आमच्याकडे आजही अंधारात, गुपचूप, घंटेविना उरकलेली मयतं मी बघते तेव्हा वाटतं, ते कायदे त्यांच्या देशातून गेले आणि आपल्या कबरस्तानांत राहिले. भीतीचं मूळही काही परकं नाही. आपल्याकडे तिठ्यावर लिंबू आणि उतारा टाकतात, असा मेलेला माणूस वाट अडवतो म्हणतात. चौरस्त्यावर पुरणाऱ्या इंग्रजाला नेमकं हेच भय होतं. म्हणजे जिला आपण बायबलची शिस्त म्हणतो, तिच्यात भुताचं भय किती आणि देवाचं भय किती?

कायदाही त्याच वाटेनं आला. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ घातलं: मरता मरता वाचलेल्याला शिक्षा. इंग्लंडनं स्वतःचा तसा कायदा १९६१ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं मानायला सुरुवात केली, की अशा माणसावर तीव्र मानसिक ताण होता आणि त्याला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं कलम उरलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं वेगळं कलम तेवढं आहे. रोमन कॅथलिक चर्चनं तर याआधीच पाऊल उचललं होतं. १९१७ च्या चर्चसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख निघाला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आत्महत्या गंभीर पाप आहे हे ठामपणे सांगून लगेच म्हटलं आहे, की तीव्र मानसिक यातना किंवा भय माणसाची जबाबदारी कमी करतात, अशा व्यक्तीच्या तारणाची आशा आपण सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. पाप म्हणणं आणि आशा धरणं या दोन गोष्टी एकाच पानावर मावतात. गाडीतल्या काकांना हे शक्यच वाटत नव्हतं.

त्यांचा दुसरा मुद्दा पश्चात्तापाचा. खून करणारा निदान नंतर रडू शकतो, याला पश्चात्तापाला क्षणच उरला नाही, मग क्षमा कशी? प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो शेवटपर्यंत नेऊन बघा. झोपेत हृदय बंद पडून गेलेल्या माणसानं त्या दिवशीच्या रागाची, लोभाची क्षमा मागितली होती का? पुणे-बंगळूर रस्त्यावर अपघातात क्षणात गेलेल्यानं? शेवटच्या श्वासाला हिशेब जुळलेला असेल तरच तारण, असं म्हटलं तर आपल्यापैकी एकाचंही धड नाही. आपण कृपेनं तारले जातो असं दर रविवारी म्हणायचं आणि एका घराच्या दारात मात्र शेवटच्या मिनिटाचा हिशेब मागायचा, हे कसं चालेल? प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक खुद्द मार्टिन लुथर म्हणाला होता, की आत्महत्या करणारे नक्कीच नरकात जातात हे मी मानत नाही. रानात दरोडेखोरानं गाठून मारलेल्या माणसासारखी त्यांची गत असते. खानापूरच्या रानातून जुन्या काळी रात्री गाडी हाकणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. वाटेत मारला गेलेल्याच्या घरी जाऊन ‘तो त्या वाटेनं गेलाच का’ असं कोणी विचारतं का?

इथं कोणीतरी येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचं नाव काढतंच. त्याच्याविषयी येशू म्हणाला, तो जन्मला नसता तर बरं झालं असतं. पण ते वाक्य विश्वासघाताबद्दल आहे, जेवणाच्या मेजावर, त्याच्या मरणाच्या आधी बोललेलं. त्याच्या मरणाच्या पद्धतीवर येशूचं एकही भाष्य शुभवर्तमानात नाही. शिवाय बायबलात स्वतःचा जीव घेणारा तो एकटा नाही. शिमशोन, शौल आणि त्याचा शस्त्रवाहक, अहिथोफेल, जिम्री यांच्याही कथा आहेत. त्यांतला शिमशोन इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाच्या वीरांच्या यादीत येतो. तो युद्धात मेला, त्याची गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल आणि मी ते मान्य करीन. मग अहिथोफेल घ्या. राजद्रोहात सामील, सल्ला नाकारला गेल्यावर घरी जाऊन जीव दिलेला. शास्त्र त्याच्याबद्दल शेवटी काय सांगतं? त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. कोपरा नाही, कुंपण नाही, बापाची कबर.

पण माझं मन सगळ्यात जास्त थांबतं ते शौलाच्या कथेपाशी. गिलबोवाच्या डोंगरावर लढाई हरल्यावर इस्राएलचा राजा शौल आपल्याच तलवारीवर पडतो. पलिष्टी त्याचा देह बेथशानच्या गावकुसाला टांगतात. ही बातमी याबेश-गिलाद नावाच्या गावी पोहोचते. राज्याच्या सुरुवातीला शौलानं त्या गावाला वाचवलं होतं. गावातले शूर पुरुष उठतात, रात्रभर चालतात, शत्रूच्या भिंतीवरून राजाचा आणि त्याच्या मुलांचा देह उतरवतात, गावी आणतात, झाडाखाली त्यांच्या अस्थी पुरतात आणि सात दिवस उपास करतात.  शौलाच्या आयुष्यातल्या चुका सगळ्यांना ठाऊक होत्या. देवाची अवज्ञा केली म्हणून राज्य त्याच्याकडून काढून घेण्यात आलं होतं. पात्र-अपात्र ठरवायचं असतं तर अपात्र ठरवायला भरपूर कागद होते. याबेशच्या माणसांनी विचारलं नाही. ती रात्रभर चालली. आणि ज्या दावीदाच्या जिवावर हाच शौल वर्षानुवर्षं उठला होता, त्यानं काय केलं? कपडे फाडले, उपास केला, शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्यावर विलाप रचला. तो सगळा विलाप वाचा: शौलाच्या मरणाच्या रीतीवर एक बोल नाही, ‘जिवंतपणी प्रिय, मरणातही विलग झाले नाहीत’ असं आहे. मग दावीद याबेशच्या लोकांकडे माणसं पाठवून सांगतो, तुम्ही आपल्या धन्यावर ही दया केलीत, परमेश्वर तुमचं कल्याण करो. आत्महत्या केलेल्याला सन्मानानं माती दिल्याबद्दल दिलेला आशीर्वाद शास्त्रात लिहिलेला आहे. कोणत्याही वडीलमंडळीच्या बैठकीत हा उतारा वाचून दाखवलेला मी आजवर ऐकलेला नाही.

आता काकांचा खरा धाक: पूर्ण विधी केला, घंटा वाजवली, तर पोरांना भीती राहणार नाही. यात एक सत्य आहे आणि ते डावलणं धोक्याचं ठरेल. एका आत्महत्येमागोमाग दुसरी होऊ शकते, विशेषतः तरुणांत. गौरव करून, तपशील चघळून, कशी झाली ते सांगून आपण हा धोका वाढवतो. म्हणून मयताच्या प्रवचनात पद्धत सांगू नये, चिठ्ठी वाचून दाखवू नये, फोटोसमोर वीरमरणाची भाषा वापरू नये. इथवर मी काकांबरोबर आहे. पण नरकाची भीती खरंच माणसाला थांबवते का? चौदाशे वर्षं चर्चनं ती भीती घातली, राजानं घरदार जप्त केलं, आणि तरीही माणसं गेली. त्या टोकाला पोहोचलेला माणूस हिशेब करत नसतो. आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत, एवढंच त्याला दिसत असतं. त्याला ही लाज आणि ही भीती आणखी गप्प करते. जीव नकोसा झालाय असं तो पाळकांजवळ बोलूच शकत नाही, कारण पाळक काय म्हणतील ते त्यानं मागच्या मयताला ऐकलेलं असतं. माणसं वाचतात ती निराळ्या कामांनी. श्रीलंकेनं शेतीतल्या अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. तिथं कोणाला नरकाची भीती घालावी लागली नाही. धोक्याची वस्तू हाताशी नव्हती, म्हणून ती घडी टळली. आणि फिलिप्पैच्या तुरुंगात भूकंपानंतर कैदी पळाले असं समजून तुरुंगाधिकारी तलवार उपसतो, तेव्हा कैदेतला प्रेषित पौल अंधारातून काय ओरडतो? स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. त्यानं आधी आपण सोबत असल्याचं सांगितलं. उपदेश नंतर आला, आणि तोही त्या माणसानं विचारल्यावर.

गाडीतल्या त्या कळवळणाऱ्या बाईंचं मन मोठं आहे, पण ‘सुटला, शांत झाला’ या शब्दांशी माझं भांडण काकांच्या शब्दांइतकंच आहे. त्याच मयतात मागे एखादं पोर उभं असतं, ज्याच्या डोक्यात हाच विचार महिनोन् महिने घोळतो आहे. त्यानं ऐकलं काय? की मरण ही सुटका आहे. ख्रिस्ती विश्वास असं कधीच म्हणत नाही. पौल मरणाला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. लाजाराला आपण थोड्याच वेळात उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. मरण चांगलं असतं तर तो कशाला रडला असता? आपली आशा मरणावर नाही, मेलेल्यांना उठवणाऱ्यावर आहे. म्हणून हीच एक आशा अशी आहे की जी त्या आईला धीर देते आणि मागे उभ्या पोराला मरणाकडे ढकलत नाही. तिला सांगता येतं: तुझ्या लेकराला ज्यानं गाठलं तो शत्रू होता, पण तो शत्रू शेवटचा शब्द बोलणार नाही. मरण असो की जीवन, उंची असो की खोली, ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच तोडू शकत नाही, असं रोमकरांस पत्रात लिहिलं आहे. या यादीत मरणाचं नाव सगळ्यात पहिलं आहे, आणि ‘अमुक प्रकारचं मरण सोडून’ अशी टीप तिथं कोणी जोडलेली नाही. अधोलोकात अंथरूण घातलं तरी तू तिथं आहेस, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. आपण मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, दर आठवड्याला म्हणतो की ख्रिस्त अधोलोकात उतरला. जिथं तो उतरला तिथं आपला माणूस त्याच्या हाताबाहेर कसा जाईल? तो कुठं आहे हे मी छातीठोकपणे सांगत नाही, तो न्याय माझ्या हातात नाही. पण तो ज्याच्या हातात आहे, त्याच्या हाताला खिळ्यांचे वण आहेत.

त्या तरुणाचा राग मी कमी लेखत नाही. मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यांनी घराला टाळं ठोकल्याच्या, बायकांना दारात अपमानित केल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यातून आल्या आहेत, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. २०१३ च्या नोव्हेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौध या विधानभवनाबाहेर ऊसदराच्या आंदोलनात एका शेतकऱ्यानं जीव दिला, तेव्हा आत अधिवेशन चालू होतं. मंडळीनं या अन्यायाविरुद्ध बोललं पाहिजे, मोठ्यानं बोललं पाहिजे. तरी एकच कारण सांगून मोकळं होणं घरच्यांवर उलटतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत कौटुंबिक अडचणी हे कारण ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के नोंदलं गेलं. ही पोलिसांनी रकान्यात भरलेली कारणं. माणूस एका रकान्यात मावत नाही. कर्ज असतं, पाऊस असतो, झोप उडालेली असते, वर्षानुवर्षं कोणालाच न दिसलेला आजार असतो. ज्या घरात कर्ज नव्हतं त्या घरानं मग काय समजायचं? की दोष आपलाच? आमच्या भागात ‘धारवाडला नेलं’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात नेलं, असं म्हटलं की घर मान खाली घालतं, म्हणून किती जणांना वेळेत तिथं नेलंच जात नाही. रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवानं आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. रागावला नाही. डॉक्टरकडे नेणं, गोळी वेळेवर देणं, शेजारी बसून जेवायला लावणं हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय वाचावा.

आणि मागे राहिलेले. त्यांचं दुःख इतर दुःखांसारखं नसतं, कारण त्याच्यात एक प्रश्न अडकलेला असतो, जो कधीच सुटत नाही. मी त्या दिवशी फोन उचलला असता तर? त्याला रागावले नसते तर? माझ्या मावशीनं हा प्रश्न शेकडो वेळा विचारला आहे, कधी मला, कधी भिंतीला. मी सुरुवातीला उत्तरं द्यायचे. नंतर कळलं, तिला उत्तर नको होतं, तो प्रश्न ऐकून न पळणारं माणूस हवं होतं. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडल्यावर त्यांचं सगळं बिघडलं. विधवेला राग येतो, मला आणि पोरांना टाकून गेला म्हणून. तो राग चर्चमध्ये बोलता आला पाहिजे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेही कधीतरी मयताच्या घरी वाचावं. पहिला नाताळ, पहिला वाढदिवस, मुलीची सोयरीक मोडते तो दिवस, या दिवशी महिला मंडळातलं कोणी त्या ओसरीवर असावं. आणि हे मराठीत व्हावं, कारण तरुणपणी शिकलेल्या भाषेत कामकाज करता येतं, पण रडायला आईची भाषा लागते. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, त्यावर बोलण्याची भाषा निवडता येते. जीव नकोसा झालेल्या माणसासाठी तो आहेच, पण मागे राहिलेल्यांनाही तिथं बोलता येतं. तो प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर मराठी, कन्नड आणि कोंकणीत लिहिलेला असावा, उपासनेच्या वेळापत्रकाइतकाच ठळक.

मावशी तीन वर्षांपूर्वी गेली. मावसाजींच्या शेजारी तिची जागा आधीच ठरलेली होती. पण जायच्या आदल्या महिन्यात तिनं सांगून ठेवलं होतं, मला कोपऱ्यात द्या माती, कुंपणापाशी, त्याच्या बाजूला. नव्या वडीलमंडळींपैकी एकानं विचारलं, तिथं कशाला, ती जागा बरोबर नाही. नव्या पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मंडळीतल्या एका आईनं मागितलेली जागा आहे. खड्डा खणणाऱ्यांना भिंतीचे दगड आड येत होते, म्हणून दुपारचं मयत संध्याकाळी झालं. पाळकांनी प्रार्थनेत मावशीचं नाव घेतलं, मग थांबून तिच्या मुलाचंही घेतलं, पूर्ण, आडनावासकट. घंटा वाजत होती. कोपऱ्यात उभं राहून ती इतक्या जवळून ऐकू येते हे मला तोवर माहीत नव्हतं.